एक आउटडोअर की तीन? अमेरिकेतल्या घरात स्वतः बसवायचा मिनी स्प्लिट निवडताना

भारतात एसी घेणं म्हणजे दुकानात जाऊन 'दीड टन, इन्व्हर्टर, फाइव्ह स्टार' म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोन मुलं ड्रिल मशीन घेऊन दारात. अमेरिकेत तेच यंत्र, हिवाळ्यात घर गरमही करणारं, मिनी स्प्लिट किंवा डक्टलेस हीट पंप या नावाने मिळतं, आणि तीन खोल्यांत बसवून द्यायला कॉन्ट्रॅक्टर सर्रास पंधरा हजार डॉलरच्या पुढचा आकडा सांगतो. स्वतः बसवायचा तीन हेडचा (हेड म्हणजे खोलीत भिंतीवर लावायचा भाग) किट साधारण चार ते सहा हजारांत येतो. हा फरक बघून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटकडे जुनं घर घेतलेली बरीच मराठी मंडळी ऑनलाइन किट शोधायला लागतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते डोक्यात राहील. बहुतेक लोक प्रत्येक खोलीत एक हेड आणि बाहेर एकच मोठं युनिट असा मल्टी-झोन किट घेतात. बहुतेक घरांना त्याची गरज नसते. दोन किंवा तीन स्वतंत्र छोटे सिंगल-झोन किट, म्हणजे प्रत्येक हेडला बाहेर त्याचं वेगळं युनिट, जास्त बरे चालतात, विजेचं बिल कमी आणतात, आणि बसवायलाही सोपे जातात. मल्टी-झोन कुठे योग्य ठरतो तेही पुढे येईलच. पण सुरुवात कॅटलॉग उघडून करायची नाही.

पहिली पायरी: आत्ता घर कशावर तापतंय ते बघा

हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो. म्हणून एक युनिट वीज खाऊन तो अडीच-तीन युनिट उष्णता देऊ शकतो. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. एवढ्यावरून 'हीट पंप म्हणजे स्वस्त' असं समजू नका. तुमच्या गावात कोणतं इंधन काय भावाने मिळतं यावर सगळं आहे.

बीटीयू हे उष्णतेचं माप. एक लाख बीटीयू उष्णता घरात यायला किती खर्च येतो ते काढा. वीज २० सेंट युनिट धरू. भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या जुन्या इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरला एवढ्या उष्णतेसाठी २९.३ युनिट लागतात, म्हणजे ५.८६ डॉलर. हिवाळ्याची सरासरी सीओपी २.७५ असलेल्या हीट पंपाला त्याच कामाचे २.१३ डॉलर पडतात. हीटिंग ऑइल ३.७५ डॉलर गॅलन आणि बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के असेल तर ३.१९. प्रोपेन ३.२० डॉलर गॅलन, ९० टक्के फर्नेसमध्ये, ३.८९. आणि पाइपने येणारा नैसर्गिक गॅस १.४० डॉलर थर्मने (एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू), त्याच ९० टक्के फर्नेसमध्ये, फक्त १.५६.

हे भाव उदाहरणाचे आहेत. तुमच्या बिलातले घाला आणि गणित पुन्हा करा. वीज मोजताना फक्त पुरवठ्याचा दर घेऊ नका, वितरणाचा आकारही त्यात धरा. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट हा सरळ मार्ग. इलेक्ट्रिक बेसबोर्ड, ऑइल किंवा प्रोपेन असेल तर हीट पंप बहुधा फायद्यात जातो. नैसर्गिक गॅस असेल तर हिवाळ्याचं बिल वाचेल या आशेवर घेऊ नका. उन्हाळ्यात थंडावा हवा, गॅरेजवरची खोली कधीच नीट तापत नाही, डक्ट नसलेलं जुनं घर आहे, अशा कारणांसाठी घ्या. तीही चांगलीच कारणं आहेत.

करसवलतीचं काय? केंद्र सरकारची ३० टक्के, कमाल दोन हजार डॉलरची सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या यंत्रांनाच होती. ती संपली. जुने लेख आणि विक्रेत्यांची जुनी पानं अजून ती दाखवतात. राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या सवलती आहेत, पण त्यांना बहुतेकदा परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरचं बिल लागतं. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा आकडा आणि स्वतः बसवण्याचा खर्च यांची तुलना सवलत वजा करूनच करा. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात सवलत इतकी मोठी असू शकते की स्वतः बसवण्यात काही राम उरत नाही.

दुसरी पायरी: घराला किती लागतं ते मोजा

इथे 'चौरस फुटाला अमुक बीटीयू' असा ठोकताळा सगळीकडे सापडतो आणि तो जवळजवळ नेहमीच जास्तीचा आकडा देतो. भारतातल्या टनाच्या सवयीनेही हेच होतं. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. तिथे चाळीस अंशाच्या उन्हात गच्चीखालच्या खोलीसाठी आपण दीड टन घेतो आणि तोच आकडा डोक्यात घेऊन इथे येतो.

व्यवस्थित पद्धत म्हणजे मॅन्युअल जे. भिंती, खिडक्या, इन्सुलेशन, हवेची गळती हे सगळं धरून खोलीवार भार काढायचा. त्याची ऑनलाइन साधनं मिळतात. पण त्याआधी जुन्या बिलावरून एक गणित करता येतं, आणि माझ्या मते हेच जास्त खरं असतं. कारण तुमचं घर प्रत्यक्षात कसं वागलं ते बिलात दिसतं.

समजा मध्य न्यू जर्सीत तुमचं घर आहे. उन्हाळ्यातल्या महिन्यांचा गॅस म्हणजे आंघोळीचं पाणी आणि शेगडी. तो हिशेब बाजूला काढल्यावर हिवाळाभर गरम करण्यासाठी ७०० थर्म लागले. फर्नेस ८० टक्के कार्यक्षम. म्हणजे घरात प्रत्यक्ष आले ५ कोटी ६० लाख बीटीयू. आता त्या हिवाळ्याचे डिग्री-डे बघायचे, म्हणजे रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या किती खाली होतं त्याची बेरीज. आपण ४,८०० धरू. ४,८०० गुणिले २४ तास म्हणजे १,१५,२००. ५ कोटी ६० लाखांना त्याने भागलं की ४८६ येतात: बाहेर एक अंश उतरला की घर तासाला इतके बीटीयू गमावतं. त्या भागात हिवाळ्याचं डिझाइन तापमान, म्हणजे यंत्राचा आकार ठरवताना धरायची कडाक्याची थंडी, १४ फॅरनहाइटच्या आसपास धरतात. ६५ वजा १४ म्हणजे ५१. ४८६ गुणिले ५१, सुमारे २५,०००.

म्हणजे अख्ख्या घराला, वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रींना, दोन टनांहून थोडंच जास्त. त्याच घराला विक्रेता ४८,००० बीटीयूचा पाच हेडचा किट सुचवतो. मोठं घेतलं म्हणजे बरं, असं इथे नसतं. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं चालू-बंद होतं, वीज जास्त खातं, आणि उन्हाळ्यात खोली गार करूनही दमट ठेवतं, कारण हवेतलं पाणी काढायला जितका वेळ चालायला हवं तितकं ते चालतच नाही.

हे गणित करताना घराला कुठे भोकं आहेत तेही बघून घ्या. माळ्यावर जाणाऱ्या दाराभोवती, बेसमेंटच्या वरच्या कडेने हवा घुसत असेल तर आधी ती बंद करा. चारशे डॉलरचं फोम आणि इन्सुलेशन तुम्हाला एक हेड कमी घ्यायला लावू शकतं.

तिसरी पायरी: मल्टी की सुटे सिंगल

मल्टी-झोनमध्ये बाहेरचा कॉम्प्रेसर एकच, त्याला दोन ते पाच हेड. ऐकायला छान. आता फेब्रुवारीतली एक साधी रात्र घ्या. बाहेर ३५ फॅरनहाइट, म्हणजे फार थंडी नाही. बाकी खोल्या गरम आहेत, फक्त मुलीच्या बेडरूममधलं हेड उष्णता मागतंय. बारा बाय बाराच्या त्या खोलीची कडाक्याच्या थंडीतली गरजच तीनेक हजार बीटीयू. या रात्री तर निम्मी. पण त्या खोलीत लावलेलं हेड ९,००० चं, कारण त्याहून लहान बऱ्याच किटमध्ये मिळतच नाही. आणि बाहेरचा ३६,००० चा कॉम्प्रेसर कितीही हळू चालवला तरी सहसा सात-आठ हजारांखाली उतरत नाही, काही तर दहा-बाराच्या खाली नाहीत. मग तो सुरू होतो, पाच मिनिटांत खोली भट्टी करतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. माहितीपत्रकावरची कार्यक्षमता अशा चालू-बंदमध्ये हातात येत नाही.

त्यात आणखी एक. एका हेडला गरम गॅस (इंधनाचा नव्हे, यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणारा) जात असताना बंद असलेल्या हेडमधूनही थोडा गॅस फिरत राहतो. त्यामुळे कोणी नसलेली गेस्ट रूम उगाच कोमट राहते आणि तक्रार केली की उत्तर मिळतं, 'हे असंच असतं'. खरंच असंच असतं.

तिसरी गोष्ट आपल्या घरांत हमखास भांडणाची. स्वतः बसवायच्या मल्टी-झोनमध्ये सगळी हेड एकाच वेळी एक तर गरम करतील नाही तर थंड. ऑक्टोबरात आई-बाबा पुण्याहून आलेले असतात. त्यांना संध्याकाळी सहालाच खोली गरम लागते, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात चार शेगड्या पेटलेल्या असताना तिथे एसी हवा असतो. एकच मिळेल. बहुधा ज्याने आधी बटण दाबलं त्याचं चालतं, दुसऱ्या हेडवर दिवा लुकलुकत राहतो.

सुट्या सिंगल-झोनला हे काहीच नाही. चांगला ९,००० किंवा १२,००० चा सिंगल-झोन दीड ते साडेतीन हजार बीटीयूपर्यंत खाली उतरतो आणि दिवसभर हळूहळू चालत राहतो. एक बिघडला तर बाकीचे चालू. यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा, असंही करता येतं, आणि पहिला बसवताना शिकलेलं दुसऱ्याला उपयोगी पडतं.

मग कितीचं काय घ्यायचं? वरच्या २५,००० च्या घराचंच उदाहरण पुढे नेऊ. खालच्या मजल्यावर लिव्हिंग-डायनिंग मोकळं असेल तर तिथे एक १२,००० किंवा १५,००० चा. वरच्या मजल्यावर जिन्याच्या वरच्या मोकळ्या जागेत किंवा सगळ्यात मोठ्या बेडरूममध्ये एक ९,००० चा. बेडरूमची दारं दिवसा उघडी ठेवायची. रात्री दार बंद करून झोपायच्या लहान खोल्यांसाठी जुनं बेसबोर्ड किंवा बॉयलर राहू द्या. प्रत्येक बेडरूमला हेड दिलं नाही तर चालणार नाही, असं घरातल्यांना वाटतं; पण मोजून बघितलं तर लहान बेडरूमची गरज फार थोडी निघते.

मल्टी-झोन कधी घ्यावा? टाउनहाउसमध्ये मागे एकच युनिट ठेवण्याइतकी जागा किंवा परवानगी असेल तेव्हा. विजेच्या पॅनेलमध्ये एकाच ब्रेकरला जागा उरली असेल तेव्हा. किंवा खोल्या खरोखर मोठ्या असतील, म्हणजे पूर्ण बेसमेंट, गॅरेजवरची फॅमिली रूम, नव्याने बांधलेला मागचा भाग, जिथे प्रत्येक हेडला त्याच्या आकाराइतकं काम आहे. तेव्हाही दोन किंवा तीन हेडवर थांबा. बाहेरचं युनिट हेडांच्या बेरजेइतकं मोठं असलंच पाहिजे असं नाही. किती हेड कोणत्या युनिटला चालतात याचा तक्ता कंपनी देते, त्यातला घराच्या भाराच्या जवळचा सगळ्यात लहान पर्याय घ्या.

चौथी पायरी: थंडीतले आकडे वाचा

खोक्यावर लिहिलेली गरम करण्याची क्षमता ४७ फॅरनहाइटला मोजलेली असते. त्या हवेत स्वेटर घातला तरी पुरतं. तुम्हाला हवा आहे तो १७ आणि ५ फॅरनहाइटचा आकडा. ५ फॅरनहाइट म्हणजे उणे १५ सेल्सिअस. ईशान्येतल्या नीप या संस्थेची थंड हवामानातल्या हीट पंपांची यादी ऑनलाइन आहे. प्रत्येक मॉडेलची ४७, १७ आणि ५ ला किमान व कमाल क्षमता आणि सीओपी त्यात मिळते. यादीत यायचं तर ५ फॅरनहाइटला पूर्ण क्षमतेवर सीओपी निदान १.७५ लागते. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांचे आकडे वेगळे असतात.

किमान क्षमतेचा रकाना मात्र कोणी बघत नाही. तुम्ही आधी तोच बघा. वर मुलीच्या खोलीचं जे सांगितलं ते सगळं त्या एका रकान्यात दिसतं.

एसईईआर२ (थंड करण्याचा) आणि एचएसपीएफ२ (गरम करण्याचा) हे अख्ख्या हंगामाच्या कार्यक्षमतेचे गुणांक आहेत. २०२३ पासून चाचणीची पद्धत बदलली म्हणून पुढे २ लागला. दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचे २ वालेच आकडे घ्या. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी एचएसपीएफ२ ला जास्त वजन द्या. एसईईआर२ वीस आहे की बावीस याने तिथल्या बिलात फार फरक पडत नाही.

पाचवी पायरी: परमिट, एचओए आणि वीज

टाउनहाउस किंवा काँडो असेल तर किट मागवण्याआधी एचओएची, म्हणजे तिथल्या घरमालकांच्या सोसायटीची, लेखी परवानगी घ्या. नळ्यांवरचं बाहेरून दिसणारं पांढरं आवरण आणि भिंतीवरचं युनिट यांवर त्यांचे नियम असतात, आणि बसवून झालेलं काढायला लावतात.

टाउनशिपच्या बिल्डिंग खात्यात जाऊन विचारा: स्वतःच्या राहत्या घरासाठी मालकाला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल परमिट काढता येतं का? बऱ्याच ठिकाणी येतं, काही ठिकाणी विजेचं काम फक्त परवानाधारकच करू शकतो. परमिटशिवाय लावलेलं यंत्र घर विकताना खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरला सापडतं. विम्याच्या दाव्याच्या वेळीही तो कागद लागू शकतो.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, बाकी सगळं स्वतः केलं तरी. बहुतेक यंत्रं २४० व्होल्टची असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर लागतो. १२,००० पर्यंतचे काही सिंगल-झोन ११५ व्होल्टवर चालणारेही मिळतात. वायरीची जाडी आणि ब्रेकरचा आकार आउटडोअर युनिटच्या नावपट्टीवरच्या दोन आकड्यांवरून ठरतात: एमसीए (वायरीने निदान किती अँपिअर पेलायला हवेत) आणि एमओसीपी (ब्रेकर जास्तीत जास्त किती अँपिअरचा चालेल). बाहेर युनिटपासून दिसेल अशा जागी, पन्नास फुटांच्या आत डिस्कनेक्ट स्विच लागतो. आतल्या हेडला वीज बाहेरच्या युनिटकडूनच येते, चार तारांच्या केबलने. ती मध्ये तोडून जोडू नका. मल्टी-झोनमध्ये कोणती केबल कोणत्या हेडची ते टेपवर लिहून दोन्ही टोकांना चिकटवा. अ ची नळी आणि ब ची वायर अशी अदलाबदल झाली की एक खोली गरम होते आणि दुसरीतलं हेड त्रुटी दाखवत राहतं.

सहावी पायरी: जागा ठरवा, मग नळ्यांची लांबी

स्वतः बसवायच्या किटचं सगळं गमक त्याच्या नळ्यांत आहे. सामान्य मिनी स्प्लिटच्या तांब्याच्या नळ्या जागेवर कापून, फ्लेअर करून (टोक भोंग्यासारखं पसरवून), नायट्रोजनने दाब तपासून, व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या खाली निर्वात कराव्या लागतात. गॅसच्या सर्किटला हात घालायला पर्यावरण खात्याचं सेक्शन ६०८ चं प्रमाणपत्र लागतं. स्वतः बसवायच्या किटमध्ये नळ्या कारखान्यातूनच गॅस भरून किंवा निर्वात करून सीलबंद येतात आणि टोकाच्या कपलिंगने जोडल्या जातात. केंटकीतली मिस्टरकूल ही या प्रकारातली सगळ्यात ओळखीची कंपनी. आता इतरही आहेत.

या सोयीची किंमत अशी की नळी कापता येत नाही. ती १६, २५, ३५, ५० अशा ठरावीक फुटांत येते. म्हणून आधी हेड आणि आउटडोअरच्या जागा पक्क्या करा, मग भिंतीवर दोरी लावून वळणांसकट अंतर मोजा. उरलेली नळी युनिटमागे आडवी, सपाट वेटोळं करून ठेवावी लागते. उभं वेटोळं केलं तर कॉम्प्रेसरचं तेल त्यात साठतं. वीस फूट जादा नळीचं वेटोळं किती मोठं होतं याची कल्पना खोकं उघडल्यावरच येते, तेव्हा आधीच जागा राखा.

हेड शक्यतो बाहेरच्या भिंतीवर घ्या. भिंतीला भोक पाडलं की नळी बाहेर, आणि घामाच्या पाण्याची, म्हणजे थंड करताना हेडमध्ये जमणाऱ्या पाण्याची, नळी उताराने आपोआप खाली. आतल्या भिंतीवर घेतलं की पाणी उपसायला छोटा पंप लागतो. तो आवाज करतो आणि एक दिवस बंद पडतो. छतापासून कंपनीने सांगितलेलं अंतर, सहसा सहा इंच, नक्की सोडा, कारण हवा वरूनच आत ओढली जाते.

आणि फोडणीपासून लांब. फोडणीचं नाव अमेरिकन माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. रोज मोहरी-हिंगाची फोडणी, आठवड्याला पुऱ्या किंवा भजी, आणि एक्झॉस्ट फॅन तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारा: अशा स्वयंपाकघरासमोर हेड लावलं तर तेलाचा थर आतल्या गोल पंख्याच्या पात्यांवर बसतो, त्यावर धूळ, आणि ती काळी, चिकट पुटं जाळी धुऊन निघत नाहीत, पंखा उघडून धुवावा लागतो. ओपन किचन असेल तर हेड शेगडीकडे तोंड न करता आणि शक्य तितकं दूरच्या भिंतीवर घ्या. देवघराच्या उदबत्तीलाही हेच लागू, जरा सौम्यपणे.

आउटडोअर युनिट जमिनीवर स्टँडवर बसवा, बर्फ पडून साठतो त्याच्या वर. न्यू जर्सीत फूटभर, व्हरमाँट-मेनकडे दीड-दोन फूट. छपराची पागोळी अंगावर पडेल अशा ठिकाणी नको. हिवाळ्यात यंत्र मधूनमधून स्वतःवरचं बर्फ वितळवतं आणि ते पाणी खाली गळतं. तिथे पायवाट किंवा जिना असेल तर सकाळी काचेसारखा बर्फ तयार. भिंतीवरच्या ब्रॅकेटने जागा वाचते, पण लाकडी घराच्या बेडरूमच्या भिंतीवर थरथर आत ऐकू येते.

सातवी पायरी: मागवताना

गॅस कोणता ते आधी बघा. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत ७०० किंवा त्याहून जास्त जीडब्ल्यूपी (गॅस वातावरण किती तापवतो त्याचा आकडा) असलेला गॅस वापरणारी नवी घरगुती यंत्रं बनवायला किंवा आयात करायला मनाई आहे. जुन्या आर-४१०ए चा आकडा २,०८८ होता; आता आर-३२ (६७५) किंवा आर-४५४बी (४६६) येतात. आर-४१०ए चा किट उरलेल्या मालात स्वस्त दिसला तरी त्याच्या नळ्या आणि हेड नव्या यंत्राशी जुळत नाहीत. पुढे एखादं हेड बदलायचं झालं तर अडचण.

नवे दोन्ही गॅस किंचित ज्वलनशील गटातले आहेत. भारतात आर-३२ चे एसी अनेक वर्षं चालू आहेत, घाबरायचं कारण नाही. पण पुस्तिकेत एक तक्ता असतो: इतका गॅस असेल तर खोली निदान इतक्या चौरस फुटांची हवी. मल्टी-झोनमध्ये सगळ्या नळ्यांचा गॅस एकच, आणि गळती सगळ्यात लहान खोलीत झाली तर तो सगळा तिथे जाऊ शकतो. म्हणून लहान बेडरूममध्ये हेड घेण्याआधी तो तक्ता बघाच.

वॉरंटीचे शब्द वाचा. नेहमीच्या बऱ्याच कंपन्या परवानाधारकाने बसवल्याशिवाय वॉरंटी देत नाहीत; स्वतः बसवायच्या म्हणून विकलेल्या देतात, पण सुटा भाग मिळतो, तो बसवणाऱ्या माणसाची मजुरी बहुधा तुमची. आणि जवळपासच्या दोन-तीन सर्व्हिसवाल्यांना आधीच फोन करून विचारा की दुसऱ्याने लावलेल्या अशा यंत्राला हात लावाल का. अनेक जण नाही म्हणतात. एकही हो म्हणाला नाही तर वेगळा विचार करा: नेहमीच्या कंपनीचं सिंगल-झोन घ्या, स्टँड, भोक, हेड हे स्वतः करा, आणि नळ्या जोडून निर्वात करायला तंत्रज्ञ बोलवा. तसं करून देणारे मिळतात, आधी ठरवावं लागतं एवढंच.

आठवी पायरी: बसवताना जिथे हात थांबवायचा

पूर्ण कृती पुस्तिकेत असते, ती इथे उतरवत नाही. काही जागी मात्र घाई महागात पडते.

भोक साधारण साडेतीन इंचाचं असतं. आधी स्टड फाइंडरने लाकडी खांब शोधा, मग लांब बारीक ड्रिलने एक छिद्र आरपार पाडून बाहेर कुठे निघतं ते बघा. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं हवं, नाहीतर पावसाचं आणि घामाचं पाणी आत येईल. १९७८ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि जुन्या करड्या, ठिसूळ सिमेंटच्या साइडिंगमध्ये अॅस्बेस्टॉस. तपासून घेतल्याशिवाय त्यावर करवत चालवू नका.

नळी भिंतीतून ओढायला दोन माणसं लागतात. एक आत, एक बाहेर. वाकवताना दोन्ही अंगठे नळीवर ठेवून मोठ्या गोलाईत, थोडं थोडं वाकवा. एकदा चिमटली की ती नळी गेली, सरळ करून उपयोग नाही. हेडमागून निघणारा तांब्याचा तुकडा तर एकदाच वाकवायचा.

कपलिंग आधी हाताने आटे जुळवत फिरवा. सहज फिरत नसेल तर मागे या. मग एका पान्याने मागचा भाग घट्ट धरून दुसऱ्याने, टॉर्क रेंच लावून, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत. मागचा पाना न धरता पिळलं तर नळी पिळवटते. बहुतेक कपलिंग एकदाच जोडण्यासाठी असतात. गॅसचा व्हॉल्व्ह उघडल्यावर प्रत्येक जोडावर भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा आणि निदान दहा मिनिटं बघत बसा. मोठी गळती फसफसते ती लगेच दिसते. बारीक गळतीचा बुडबुडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि हळू वाढतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की सापडतो. पुन्हा घट्ट करूनही थांबला नाही तर व्हॉल्व्ह बंद करून प्रमाणपत्र असलेला तंत्रज्ञ बोलवा. गॅस हवेत सोडून देणं हा कायद्याने गुन्हा आहे.

आवरण लावण्याआधी हेडच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता आणि बाहेर तेवढं येतंय का बघा.

पहिल्या हिवाळ्यात

तापमान एकदा लावा आणि सोडून द्या. फर्नेससारखं रात्री दहा अंश खाली आणि सकाळी वर असं केलं तर यंत्र पहाटेच्या सगळ्यात थंड हवेत पूर्ण जोर लावतं, आणि वाचवलेलं तिथेच जातं. हेड छताजवळची हवा मोजतं, म्हणून ६८ लावून खाली ६५ वाटू शकतं. ७० लावा, किंवा रिमोटमध्येच सेन्सर असेल तर तो चालू करून रिमोट सोफ्याजवळ ठेवा. ऑटो मोड टाळा, विशेषतः मल्टी-झोनमध्ये.

जुनं फर्नेस किंवा बॉयलर काढू नका. गरम पाण्याच्या नळ्यांचं बेसबोर्ड असेल तर एक धोका लक्षात ठेवा: हीट पंपामुळे थर्मोस्टॅट समाधानी राहतो, बॉयलर दिवसचे दिवस चालूच होत नाही, आणि बाहेरच्या भिंतीतली किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यातली नळी गोठून फुटते. कडाक्याच्या थंडीत बॉयलर रोज थोडा वेळ चालू द्या. जाळ्या दोन-तीन आठवड्यांनी कोमट पाण्याने धुवा, दिवाळीच्या फराळानंतर लगेच. बर्फ पडला की आउटडोअरच्या मागचा आणि खालचा भाग फावड्याने नाही, हाताने मोकळा करा. तिथल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या फावड्याच्या एका फटक्यात दबतात.